पद्मिनीचे मागचे पाटे आणि मोठ्या टायरचा हट्ट

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निघून गेल्याला आता काही वर्षे झाली. शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून बऱ्याच घरांत आहेत. कुणाच्या अब्बांनी ती टॅक्सीच्या कमाईतून घेतली, कुणाच्या मामूंनी आखाती देशातून परतल्यावर, तर कुणाच्या दादांनी कुर्ल्याच्या कारखान्यात नोकरी करून. गाडी विकायला मन होत नाही आणि ठेवायची म्हटले की खर्च सुटत नाही.

अशा घरांत हल्ली एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलगा म्हणतो, "अब्बा, गाडीला मोठे टायर टाकू या. मागून कशी भारी दिसेल!" अब्बा म्हणतात, "अरे, पण मागे घासतील ना." त्यावर गल्लीतला कुणीतरी सांगतो, "घासतात कसे? पाटे उचलून देतो." गाडीला खरे काय लागते याचा विचार न करताच काम सुरू होते. हा विषय वरवर हौसेचा वाटतो. पण याच गाडीत अम्मी, दादी आणि लहान मुले बसून कशेडी घाट उतरणार असतात. म्हणून हे काम काय आहे, कुठवर करावे आणि कुठे थांबावे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

गाडीची थोडी ओळख

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी निघू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती 'फियाट'च राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ५.२०-१४ मापाचे अरुंद टायर, असा तिचा साधा संसार.

या कामाच्या दृष्टीने तिच्याविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चॅसिस तिला नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. मागचे पाटे ज्या ठिकाणी टांगलेले असतात ती जागा म्हणजे बॉडीचाच भाग. दुसरी, मागचा एक्सल एकसंध आहे. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्या चाकाचाही कोन बदलतो.

पाटा चार कामे करतो

मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना लांब पाट्यांचा एकेक गठ्ठा असतो. सर्वांत लांब पाट्याला दोन्ही टोकांना डोळे असतात. पुढचा डोळा पिन आणि रबरी बुश घालून बॉडीला पक्का बसवतात. मागचा डोळा शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर असतो. कारण वजन पडले की पाटा सपाट होतो, सपाट झाला की लांबतो आणि त्या लांबण्याला वाट हवी असते. मध्यभागी सेंटर बोल्ट गठ्ठा जागेवर ठेवतो आणि यू-बोल्ट एक्सलला त्याच्याशी आवळून धरतात.

हा पाटा केवळ धक्के खात नाही. तो गाडीचे वजन पेलतो. एक्सल पुढेमागे आणि आडवा सरकू नये म्हणून त्याला धरून ठेवतो. इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा ताण बॉडीपर्यंत पोचवतो. शिवाय पाटे एकमेकांवर घासल्याने उसळी थोडी कमी होते. एकाच लोखंडाकडून चार कामे घेतली जात असल्याने त्यात एक बदल केला की चारही कामांवर परिणाम होतो. "फक्त थोडे उचलून देतो" हे म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

जुन्या ५.२०-१४ टायरची रुंदी ५.२० इंच, म्हणजे सुमारे १३२ मिमी. अशा जुन्या टायरची उंची रुंदीच्या जवळजवळ ९५ टक्के असते. १४ इंचांची रिम धरून चाकाचा एकूण व्यास सुमारे ६०५ मिमी होतो.

आता बाजारात सहज मिळणारे तीन टायर घेऊ. १६५/८० आर १४ मध्ये १६५ ही रुंदी आणि ८० ही उंचीची टक्केवारी. त्याचा व्यास सुमारे ६२० मिमी. १८५/७० आर १४ चा व्यास सुमारे ६१५ मिमी. १९५/६५ आर १५ चा सुमारे ६३५ मिमी.

यातून एक गंमत कळते. १८५ चा टायर उंचीला मूळ टायरपेक्षा जेमतेम १० मिमी मोठा आहे, पण रुंदीला ५३ मिमी जास्त आहे. म्हणजे मूळच्याच जागी बसवला तर साधारण २६ मिमी आत, पाट्याकडे सरकतो आणि तितकाच बाहेर, मडगार्डच्या कडेकडे येतो. अडचण उंचीची कमी आणि रुंदीची जास्त. तरीही बहुतेक लोक गाडी उचलायलाच धावतात. गाडी उचलल्याने वरची जागा वाढते. टायर आणि पाटा यांच्यामधली जागा एक मिलिमीटरही वाढत नाही.

जमिनीपासूनच्या उंचीचा हिशोबही साधा आहे. व्यास ३० मिमी वाढला तर गाडी फक्त १५ मिमी उचलली जाते, कारण चाकाचा मध्य निम्म्यानेच वर जातो. स्पीडब्रेकरवर गाडीचे पोट घासते म्हणून मोठे टायर घेणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा. तेवढ्यासाठी केलेला खर्च बहुधा पटणार नाही.

आधी मूळ उंची परत आणा

पन्नाशीच्या आसपासच्या गाडीचे पाटे दमलेले असतात. एकेकाळी कमानदार असलेला गठ्ठा सपाट झालेला असतो, काही वेळा उलटा वाकलेलाही. अशा गाडीत मूळ मापाचा टायरसुद्धा चार माणसे बसली की घासतो. घरच्यांना वाटते जागा कमी आहे. प्रत्यक्षात जागा पाट्यांनी खाल्लेली असते.

सपाट जमिनीवर रिकामी गाडी उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. दोन्हींत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूचा पाटा बसला आहे किंवा एखादे पान तुटले आहे. मग मागच्या सीटवर तीन मोठी माणसे बसवून पुन्हा मोजा. गाडी किती खाली येते ते लिहून ठेवा. ही दोन मापे नसतील तर पुढचे सगळे अंदाजपंचे.

पाटे पुन्हा कमानदार करण्याचे काम ट्रकचे पाटे करणाऱ्या कारागिरांकडे होते. पाट्याचे पोलाद विशेष जातीचे असते. ते ठरावीक तापमानाला तापवून, तेलात थंड करून पुन्हा मंद तापवावे लागते, नाहीतर थंडच ठोकून कमान द्यावी लागते. गॅसच्या ज्योतीने मधेच लाल करून वाकवलेला पाटा दिसायला सुंदर दिसतो, पण त्याचा कस गेलेला असतो. तो पुन्हा बसतो किंवा त्याच जागी तुटतो. कारागिराला "तुम्ही पाणी कसे देता?" असे विचारायला संकोच करू नका. जाणकार उस्ताद या प्रश्नाने रागावत नाही, उलट खूश होतो.

याच वेळी डोळ्यांतले रबरी बुश, शॅकलच्या पिना आणि यू-बोल्ट नवे घाला. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, ते एकदा ताणले गेलेले असतात. ५०० किलोमीटर चालल्यावर नवे बोल्ट पुन्हा आवळा. ज्या गाड्या कोकणच्या पावसात राहिल्या आहेत, त्यांच्या पाट्यांच्या टांगण्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. तिथे पत्रा मऊ लागला तर टायरचा विषय बाजूला ठेवून आधी तो पत्रा दुरुस्त करा.

यानंतर १६५/८० आर १४ घालून पाहा. बऱ्याच घरांची हौस आणि गरज इथेच भागते. बॉडीला हात लावावा लागत नाही आणि वाटेल तेव्हा मूळ टायर परत चढवता येतात. फक्त जुन्या रिमवर रेडियल टायर घालताना ट्यूब टाकावी, कारण ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा जुन्या रिमला नसतो. जुना टायर आणि रेडियल एकाच एक्सलवर मिसळू नयेत. दोनच रेडियल घेतले असतील तर ते मागे टाकावेत, पुढे नव्हे.

उचलण्याच्या तऱ्हा आणि त्यांची किंमत

आणखी मोठा टायर हवाच असेल, तर गॅरेजमध्ये साधारण चार उपाय सुचवले जातात.

पहिला, शॅकल लांब करणे. सर्वांत स्वस्त म्हणून हाच जास्त चालतो. मागची बाजू २५ मिमी उचलायची तर शॅकल सुमारे ५० मिमी लांब करावी लागते, कारण पाट्याचे एकच टोक खाली ढकलले जाते. लांब शॅकल आडवी डुलते आणि वळणावर गाडीची मागची बाजू सैल वाटते. डिफरन्शियलच्या नाकाचा कोन बदलतो आणि प्रोपेलर शाफ्टचे सांधे कुरकुरू लागतात.

दुसरा, एक पान वाढवणे किंवा जाड पान घालणे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या जागी ७ मिमीचे पान घातले तर त्या पानाचा कडकपणा जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढतो. गाडी उचलली जाते, पण मागे बसणाऱ्याच्या कमरेला प्रत्येक खड्डा कळतो. घरात दादी असेल तर हा उपाय निवडण्याआधी त्यांना विचारलेले बरे.

तिसरा, पाटा आणि एक्सल यांच्यात ठोकळा घालणे. पाटा एक्सलच्या वर असेल तर ठोकळ्याने गाडी उचलली जाते, खाली असेल तर उलट गाडी बसते. हे न पाहता ठोकळा घालणारेही भेटतात. ठोकळा ओतीव किंवा घन पोलादाचा आणि सेंटर बोल्टच्या खाचेसह असावा. लाकडाचा किंवा एकावर एक रचलेला कधीही नको. ब्रेक मारताना एक्सल पिळवटतो आणि ठोकळा सरकला तर एक्सलच सरकतो.

चौथा, एक्सल कापून आखूड करणे किंवा पाटे आतल्या बाजूला सरकवणे. अमेरिकेत साठच्या दशकातल्या मोठ्या मोटारींवर हे काम होते आणि रुंद टायरसाठी तोच खरा उपाय आहे, कारण त्याने आडवी जागा मिळते. पण पाटे आत सरकवायला त्यांच्या टांगण्यांना तशीच मजबूत जागा लागते. पद्मिनीच्या पातळ पत्र्यात ती तयार करणे सोपे नाही. एक्सल आखूड करायचा तर आतले अर्धे एक्सलही कापून त्यांना नवे दाते पाडावे लागतात. अशा बहुतेक जुन्या मोटारींत हाच अर्धा एक्सल चाकाला धरून ठेवतो. तो तुटला तर चाक गाडी सोडून निघून जाते. हे गल्लीतल्या लेथवरचे काम नाही.

आडवी जागा मिळवण्याचा सोपा मार्ग रिममध्ये आहे. रिमची बैठक किती आत किंवा बाहेर आहे, यावर टायर पाट्याकडे जाईल की मडगार्डकडे, हे ठरते. १८५/७० टायरला साडेचार ते सहा इंच रुंद रिम लागते, म्हणून मूळ अरुंद रिमवर तो चढवू नये. नवी रिम घेताना बोल्टांचे वर्तुळ, मधले भोक आणि बैठक, तिन्ही मापे गाडीवर मोजूनच घ्या. मधे चकत्या घालून रिम बाहेर ढकलू नका, त्याने बोल्टांची पकड कमी होते.

मडगार्डची कड कापणे हा तर सर्वांत वाईट उपाय. तिथे आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना जोडलेले असतात. कड कापली की जोड उघडतो, पाणी आत जाते आणि तीन-चार पावसाळ्यांत मडगार्ड आतून खाल्ला जातो. कड आतल्या बाजूला हळूहळू दुमडता येते. तेवढे पुरेसे नसेल तर तो टायर या गाडीचा नाही, असे समजावे.

घासतो की नाही, कसे पाहायचे

उभ्या गाडीत टायर मोकळा फिरला म्हणजे काम झाले, असे नाही. गाडी घोड्यांवर पक्की टेकवून, गठ्ठ्यातला मुख्य पाटा ठेवून बाकीची पाने काढावीत आणि जॅकने एक्सल अगदी वरपर्यंत, रबरी ठोकर दबेपर्यंत न्यावा. मग एक चाक वर आणि दुसरे खाली, असे दोन्ही बाजूंनी करावे. या सगळ्या स्थितींत टायर आणि पाटा यांच्यात, तसेच टायर आणि मडगार्ड यांच्यात निदान २० मिमी जागा उरायला हवी, कारण वळणावर टायरही वाकतो आणि बुशही दबतात.

एक्सल पूर्ण खाली लोंबत असताना तीन गोष्टी पाहा. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, हँडब्रेकची केबल खेचली जात नाही ना आणि शॉक अॅब्सॉर्बर पूर्ण उघडून अडकत तर नाही ना. गाडी उचलल्यावर जुना शॉक अॅब्सॉर्बर आखूड पडतो आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्यात आतून ठोकर खाऊन फुटतो. ब्रेकचा पाइप ताणला गेला तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

आणखी काही हिशोब. चाकाचा व्यास पाच टक्के वाढला तर काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६३ ने धावते. पॅडलवर तेवढाच जोर दिला तर ड्रम ब्रेकची पकड पाच टक्क्यांनी कमी पडते आणि घाट चढताना ४० अश्वशक्तीच्या इंजिनाची ओढही तेवढीच घटते. मागची बाजू उचलली तर हेडलाइटचा झोत खाली पडतो, तो पुन्हा बसवून घ्यावा लागतो. आणि मागे मोठे, पुढे लहान टायर असतील तर डिकीतले जादा चाक कुठल्या मापाचे ठेवणार, हेही आधी ठरवा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्या तपासणीत लांब शॅकल आणि बाहेर आलेले टायर अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारते.

जुन्या फियाटवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते आणि तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अट ही की गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हे खरे. पण १९७० च्या आसपासच्या फियाटचे मडगार्ड आज कापले, तर हा दरवाजाच कायमचा बंद होतो. चार बोल्ट काढून परत करता येणारा बदल आणि कटरने केलेला बदल, यांतला फरक इथे रुपयांतही मोजता येतो.

गॅरेजमध्ये जाण्याआधी

मुंबई, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, सगळीकडे अजून असे उस्ताद आहेत ज्यांनी शागिर्द म्हणून पहिला पाना फियाटवरच धरला. त्यांच्याकडे जाताना मुलाने मोबाइलमधला फोटो दाखवून "अशी करून द्या" म्हणण्यापेक्षा कागद न्यावा. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची मापे, दोन्ही बाजूंच्या पाट्यांपासून टायरपर्यंतचे अंतर आणि गाडीत नेहमी किती माणसे बसतात, हे लिहिलेले असावे. काम कोणते करायचे आणि कोणते नाही, हे आधी बोलून घ्यावे. काढलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो गंजलेला शॅकल का असेना, घरी आणून तेल लावून ठेवावा.

काम झाल्यावर पहिली फेरी मित्रांना घेऊन समुद्रकिनाऱ्यावर नको. रिकामी गाडी २० किलोमीटर फिरवा आणि यू-बोल्ट तपासा. मग मागे वजन भरून तेवढीच फिरवा आणि टायरच्या आतल्या बाजूवर घासल्याची चमक दिसते का, हे टॉर्चने पाहा. चमक दिसली तर गावचा बेत पुढे ढकला आणि जुने टायर परत चढवा. अब्बांनी इतकी वर्षे सांभाळलेली गाडी आणखी एक महिना अरुंद टायरांवर उभी राहिली तर तिचे काही बिघडत नाही.